वहीतले दोन रकाने

अगं, काल रात्री तू वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "ताई, यातलं खरं कुठलं?" मी चष्मा लावून सगळी पानं वाचली. मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे 'युद्ध', उजवीकडे 'शांती'. निर्गमच्या पंधराव्या अध्यायात परमेश्वर योद्धा, त्याच्यासमोर रोमकरांस पत्रात तोच शांतीचा देव. एका स्तोत्रात तो दावीदाच्या हातांना लढाई शिकवतो, दुसऱ्या स्तोत्रात धनुष्यं मोडून टाकतो. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू तलवार आणतो, योहानाच्या चौदाव्यात शांती ठेवून जातो. मेहनत दिसते गं. भीतीही दिसते. शेवटच्या पानावर तर तू उजवा रकाना रिकामाच सोडलास.

मला माहीत आहे हे कुठून सुरू झालं. शब्बाथशाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग तुझ्या गळ्यात पडला, आणि त्याच आठवड्यात पतसंस्थेतल्या त्या माणसाने चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, की तुम्ही लोक प्रेम-प्रेम करता आणि पुस्तकात तर नुसती कापाकापी. तू गप्प बसलीस. बरं केलंस. त्या क्षणी बोलली असतीस तर 'मग तुमच्या गीतेत काय आहे' हेच तोंडून निघालं असतं, आणि ते कधीही निघू देऊ नकोस. एक तर दुसऱ्याच्या श्रद्धेला दगड मारून आपली शाबूत राहत नाही. दुसरं म्हणजे गीतेचं प्रकरण तुझ्या-माझ्या वाटतं तेवढं सोपं नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ साली निघालं, त्यांना तिच्यात कर्मयोग दिसला. गांधीजी तीच गीता जवळ बाळगून अहिंसा सांगत राहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात तिच्यावर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. रणांगणावर सांगितलेला ग्रंथ, आणि वाचणारे असे तीन. म्हणजे तुझा प्रश्न त्या माणसाच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. त्याच्याशी भांडायचं कशाला? आणि आपलं गाव कुठलं, ते तरी आठव. आता सरकारने ईश्वरपूर करायचं ठरवलं, माझ्या तोंडात इस्लामपूरच बसलंय. पण नाव काहीही लावा, इथला उरूस बुवाफन गुरूंचा आणि संभूआप्पा शिष्याचा. एक मुसलमान, एक हिंदू. अशा गावात राहून चहाच्या टेबलावर धर्माची कुस्ती लावायची म्हणजे कमालच.

आणि आणखी एक, ते मोबाईलवरचे 'बायबलमधल्या पन्नास विसंगती' आणि त्याला उत्तर म्हणून काढलेले 'पन्नासांची सणसणीत उत्तरं' दोन्ही बघणं बंद कर. दोघांचा धंदा एकच. वचन जिथे उभं आहे तिथून उपटायचं आणि दुसऱ्यावर फेकायचं.

आता तुझ्या यादीतलं पहिलंच घेऊ. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात राष्ट्रं तलवारी मोडून नांगराचे फाळ करतात आणि भाल्यांच्या कोयत्या. मीखाच्या चौथ्या अध्यायात जवळपास शब्दाला शब्द तेच. आणि योएलाच्या तिसऱ्यात बरोबर उलटं, फाळ ठोकून तलवारी करा. तू तिथे लाल पेनने दोनदा अधोरेखन केलंस. पण योएलाचा तो अध्याय आधी चार ओळी मागून वाच. सोर आणि सीदोनच्या व्यापाऱ्यांनी यहूदाची मुलंमाणसं ग्रीकांना विकलीत. पोरीबाळींच्या मोबदल्यात दारू प्यालेत. आणि अशा राष्ट्रांना संदेष्टा आव्हान देतोय की आणा काय हत्यारं आणायची ती, शेतातलीसुद्धा आणा, देव न्यायाला बसलाय. हा आपल्याला दिलेला युद्धाचा हुकूम नव्हे, जुलमी माणसाला कोर्टात खेचताना निघालेली भाषा आहे. यशया आणि मीखा त्या न्यायानंतरचं बोलतात. न्याय झाला, तंटा मिटला, मग हत्यारांचं काम उरलं नाही. दोघांच्या मधे न्याय आहे, आणि तुझ्या वहीत दोघांच्या मधे नुसती रेघ आहे.

गंमत बघ, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बागेत तलवार ठोकून फाळ करणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. तो १९५९ साली दिला कोणी, तर सोव्हिएत युनियनने. देव न मानणाऱ्या सरकारने यशयाचं वचन ब्राँझमध्ये ओतलं आणि घरी रणगाडेही ओतत राहिले. वचन पाठ असणं आणि पाळणं यात केवढं अंतर असतं ते त्या पुतळ्याला विचारावं.

मत्तयाच्या तलवारीवर मात्र मी थोडी थांबणार आहे, कारण ती तलवार मराठी घरांनी सोसलेली आहे. तो दहावा अध्याय बारा शिष्यांना गावोगाव पाठवतानाचा आहे. कमरेला पैसे नकोत, झोळी नको, काठीसुद्धा नको, लांडग्यांत मेंढरं जावीत तसे जा, असं सांगून झाल्यावर तलवारीचं वाक्य येतं. आता ज्या माणसाला काठी घेऊ दिली नाही त्याला तलवार कोण देईल? लूकाने तेच वचन बाराव्या अध्यायात देताना तलवारीच्या जागी फूट पडेल असं लिहिलंय. आणि लगेच पुढे बापलेक, मायलेक, सासूसून यांची फाटाफूट येते, ती मूळ मीखाच्या सातव्या अध्यायातली. ही तलवार शिष्याच्या हातातली नाही, बाई. ती त्याच्या अंगावर येणारी आहे, आणि तीही घरातून.

नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला ख्रिस्ती झाले. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला होता, तिथून हे सुरू झालेलं. ते पुढे फुलामुलांचे कवी झाले, ख्रिस्ताची भजनं अभंगांच्या चालीवर लिहिली, आपण आजही उपासनेत गातो. पण त्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईंचं काय झालं, ते 'स्मृतिचित्रे'त वाच. लहान मूल पदरात, नवरा जिवंत आणि तरी गेल्यासारखा, माहेरचे सासरचे रडतायत, कोणी तिला समजावतंय, कोणी शिव्या देतंय. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती नगरला त्यांच्याकडे आली तीसुद्धा आपलं सोवळं, आपली वेगळी चूल सांभाळून. पुढे स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी तिने बाप्तिस्मा घेतला. ते पुस्तक १९३४ पासून भागाभागाने निघालं. मत्तय १०:३४ वर मी इंग्रजीतल्या जाडजूड टीका चाळल्यात, पण त्या बाईने हसत हसत सांगितलंय तसं कोणी सांगितलेलं नाही. आणि लक्षात ठेव, टिळकांची बाजू बरोबर धरली तरी लक्ष्मीबाईंच्या पोटात तलवार शिरलीच होती. ज्याला वचन कळलं त्याचं कौतुक करताना ज्याला ते लागलं त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. आपल्या मंडळीत साक्ष द्यायला उभे राहणारे सगळे हे विसरतात.

लूकाच्या बाविसाव्यातल्या तलवारींचं थोडक्यात सांगते. येशू म्हणतो अंगरखा विकून तलवार घ्या, शिष्य म्हणतात दोन आहेत, तो म्हणतो पुरे. बारा जणांत दोन तलवारी घेऊन रोमी फौजेशी कोण लढतो? त्याच रात्री त्यातली एक पेत्राने उपसली आणि महायाजकाच्या दासाचा कान उडवला. दासाचं नाव मल्ख, हे फक्त योहान सांगतो. येशूने तो कान बरा केला, हे फक्त लूक सांगतो, आणि लूक वैद्य होता. मला नर्सबाईला हे फार आवडतं. बाकीचे कोणी कोणाला मारलं ते लिहितात, हा जखमेचं पुढे काय झालं ते लिहितो.

एवढं झालं सोपं. आता तू उजवा रकाना रिकामा सोडलास तिथे येऊ या. यरीहो. आणि त्याहून अवघड, पहिला शमुवेल, अध्याय पंधरा. अमालेकी लोकांत बायका, पोरं, तान्ही बाळं, गुरंढोरं, काही ठेवू नकोस असा शौलाला हुकूम.

याच्यासमोर लिहायला माझ्याकडेही ओळ नाही. मिरजेला वॉन्लेसमध्ये शिकत असताना मी हे पहिल्यांदा नीट वाचलं. दिवसा प्रसूतिकक्षात काम आणि रात्री हा अध्याय. त्या इस्पितळाची सुरुवात १८९४ ची. देवाचं नाव घेऊन बाळं वाचवायला उभारलेली जागा, आणि देवाच्याच पुस्तकात बाळांबद्दल हे. एका अभ्यासवर्गात पाळकांनी सांगितलं की त्या काळचे राजे अशीच भाषा वापरत. मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ साली सापडला, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात तोही आपल्या कमोश देवाच्या हुकुमाने एक अख्खं गाव कापल्याचं सांगतो आणि इस्राएल कायमचा नाहीसा झाला म्हणतो. इस्राएल काही नाहीसा झाला नव्हता. यहोशवाच्या पुस्तकातही सगळे संपवले असं वाचून पान उलटतो तर शास्त्यांच्या पहिल्याच अध्यायात ते सगळे कनानी शेजारी नांदतायत. यरीहोला कॅथलीन केनियन बाईंनी १९५२ पासून काही वर्षं खणलं, तर त्यांना तटबंदी यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या फार आधी पडलेली दिसली. त्यावर अजून वाद चालतात.

हे ऐकून मला थोडा दिलासा मिळाला. पण थोडाच. झालं नसेल तेवढं लिहिलं असं धरलं, तरी लिहिलं तर आहेच. म्हणून तू वर्गात 'ते लोक फार वाईट होते म्हणून' असलं काही सांगू नकोस. तान्ही बाळं कसली वाईट? मुलांना ते उत्तर पटत नाही, आणि पटलं तर त्याहून वाईट, कारण मग उद्या त्यांना कोणी दुसऱ्या कुणाबद्दल तेच सांगितलं की तेही पटेल. सरळ सांग, मला हे कळत नाही, वाचताना त्रास होतो. मोठी माणसंही हे वाचून अडखळतात, हे कळल्याने मुलांची श्रद्धा जात नाही. खोटं पकडलं गेल्याने जाते.

अवघड पानं फाडून टाकायचा प्रयत्नही झालाय बरं. दुसऱ्या शतकात रोमला मार्कियोन नावाच्या माणसाने अख्खा जुना करारच बाद केला, मंडळीने त्याला बाहेर काढलं. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने गॉथ लोकांसाठी बायबल त्यांच्या भाषेत आणलं, पण राजांची पुस्तकं म्हणे गाळली. कारण काय, तर गॉथांना लढाईची खुमखुमी आधीच पुष्कळ आहे, आणखी नको! मला त्या बिशपबद्दल माया वाटते. पण मला जास्त भरवसा आपल्या पंडिता रमाबाईंचा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. शेवटपर्यंत तेच काम हातात होतं, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि १९२४ साली पुस्तक निघालं. दुष्काळात आईबाप गेलेली बाई, दुष्काळातल्या पोरी गोळा करून वाढवणारी बाई. तिने यहोशवा गाळला नाही, शमुवेल गाळला नाही. पोरींना सगळं पुस्तक दिलं.

आणि सगळं दिलं म्हणूनच आपल्याला कळतं की हे पुस्तक स्वतःशीच भांडतं. तुझ्या वहीत ही भांडणं आलीच नाहीत. दुसऱ्या राजांच्या दहाव्या अध्यायात येहूने अहाबाचं घराणं कापून काढलं म्हणून त्याला शाबासकी मिळते. होशेयाच्या पहिल्याच अध्यायात त्याच इज्रेलच्या रक्तपाताचा जाब येहूच्या घराण्याला द्यावा लागेल असं येतं. एकच प्रसंग, शंभरेक वर्षांनी उलटा निकाल. किंवा दावीद घे. आयुष्यभर देवाच्या नावाने लढला, देवाचा लाडका, आणि मंदिर बांधायची वेळ आली तेव्हा पहिल्या इतिहासात देव म्हणतो, तू नको, तुझ्या हाताने फार रक्त सांडलंय, तुझा मुलगा बांधेल. आणि अनुवादचा विसावा अध्याय तर तुला दोन्ही रकान्यांत घालावा लागेल. नवं घर बांधलेल्याने, नवा मळा लावलेल्याने, लग्न ठरलेल्याने आणि ज्याला भीती वाटते त्याने युद्धाला येऊ नये, घरी जावं. आधी शांतीची बोलणी करावीत. वेढा घातला तरी फळझाडं तोडू नयेत. आणि याच अध्यायात जवळच्या शहरांत श्वास घेणारं काही ठेवू नये असंही आहे. झाडाला जीवदान आणि माणसाला नाही. मी हे वाचून एकदा पुस्तक मिटून स्वयंपाकाला लागले होते.

तुला आता कोणी म्हणेल, मग यातून घ्यायचं काय? मी कसं ठरवते ते सांगते. वचन समोर आलं की बघायचं, हे बोलतंय कोण, कोणाला, आणि त्या वेळी कोणाची मान कोणाच्या हातात आहे. बाबेलला ओढून नेलेल्या कैद्यांनी १३७ व्या स्तोत्रात शत्रूच्या पोरांबद्दल जे भयंकर बोलून ठेवलंय, ते हात बांधलेल्या माणसाचं रडणं आहे. तेच स्तोत्र विजयी सैन्याने म्हटलं तर तो गुन्हा होईल.

हे मी पुस्तकात शिकले नाही. मी ज्या दवाखान्यात नोकरी केली तिथे एकदा पेठ नाक्याकडच्या एका खेड्यातून दोन चुलतभाऊ आणले. बांधावरून भांडण, एकाच्या डोक्यात खोऱ्याचा घाव, दुसऱ्याच्या दंडावर कोयत्याचा. खाटा कमी, म्हणून दोघं शेजारी. पहिल्या रात्री दोघांची तोंडं दोन भिंतींकडे. दोघांच्या बायका खाटेखाली फरशीवर, एकीकडे तांब्या होता, दुसरीकडे नव्हता. दुसरीच्या नवऱ्याला रात्री तहान लागली तेव्हा पहिलीने तांब्या सरकवला. बोलली काही नाही. मी सलाइन बदलत होते. पुढे कोर्टात ती केस चालली, बांध कोणाचा ते मला माहीत नाही, आणि त्या तांब्याने भावकी मिटली असंही मी सांगणार नाही.

दुसऱ्या राजांच्या सहाव्या अध्यायातली अलीशाची गोष्ट त्या रात्रीपासून मला खरी वाटायला लागली. अरामी सैन्य त्याला धरायला येतं, आंधळं होऊन त्याच्याच मागून शोमरोनात, ऐन शत्रूच्या गावात सापडतं. राजा विचारतो मारू का, मारू का. अलीशा म्हणतो, जेवायला वाढ. मोठी पंगत झाली, जेवले आणि घरी गेले, आणि त्या टोळ्यांच्या धाडी थांबल्या. आपले पाळक इथे थांबतात आणि गाणं घेतात. तू थांबू नकोस. पुढच्याच ओळीत काही काळाने अरामाचा राजा सगळी फौज घेऊन शोमरोनाला वेढा घालतो. लिहिणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवलंय. पंगतीने जग सुधारलं असा दावा नाही, आणि वेढा पडला म्हणून पंगत वाया गेली असंही कुठे म्हटलेलं नाही.

आता एक गोष्ट जरा आवाज चढवून. तू सगळी भीती डाव्या रकान्याची धरलीस. मला उजव्याची जास्त वाटते. आपल्या मंडळीत मी नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला 'शांतीने घे, वचन आहे' असं सांगताना वडीलधाऱ्यांना ऐकलंय. दंडावर वळ, आणि हिने शांती राखायची. यिर्मयाच्या सहाव्या अध्यायात अशा लोकांवर देव चिडलाय. माझ्या लोकांची जखम वरवर बरी करतात आणि शांती नसताना शांती-शांती म्हणतात, असा त्यांच्यावर आरोप आहे. जखम साफ न करता वर पट्टी बांधली की आत काय होतं, ते नर्सला विचार. कुणी तुला शांतीचं वचन ऐकवलं की आधी बघ, गप्प कोणाला बसवतायत. तुझ्या जावेचं आणि तुझं जे चाललंय त्यातही हे लागू आहे, पण ते इथे नको, ते घरी आलीस की बोलू.

आपल्या वाळवा तालुक्याला हे दोन रकाने काही नवे नाहीत. १९४२ च्या सप्टेंबरात इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललं. येडेमच्छिंद्रचा हा माणूस गांधीजींच्या चळवळीतूनच वर आलेला, आणि नानांच्या पोरांनी सरकारी पगाराची गाडी लुटली, खबऱ्यांच्या आणि सावकारांच्या तळपायांवर काठ्या घातल्या. जुन्या घरांत भिंतीवर गांधी आणि नाना पाटील शेजारी टांगलेले मी पाहिलेत, आणि त्या घरातल्या आज्जीला त्यात काही विसंगती वाटत नसे. त्या लढ्यात गेलेल्या किसन अहिरांच्या नावाने पुढे वाळव्यात त्यांच्या लढ्यातल्या सोबत्याने, नागनाथअण्णांनी, साखर कारखाना काढला. बंदूक धरलेल्या हातांनी ऊस गाळला. यशया वाचताना मला न्यूयॉर्कच्या पुतळ्याआधी वाळव्याची चिमणी आठवते. पण ज्याच्या तळपायावर काठी बसली त्याच्या नातवंडांना विचारलंस तर ते वेगळं सांगतील, आणि तेही ऐकून घ्यायला हवं.

तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे. वर्गातल्या त्या मुलाने, ज्याचे पप्पा फौजेत आहेत आणि सध्या सीमेवर, तुला विचारलं की माझे पप्पा कुठल्या रकान्यात? बाकी सगळं सोड, खरा प्रश्न हा आहे. तुझा पतसंस्थेतला माणूस आणि योएल दोघे थांबू शकतात.

त्याला वर्गात सगळ्यांसमोर उत्तर देऊ नकोस, घरी जाऊन भेट. लूकाचा तिसरा अध्याय उघडून दाखव. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात, आम्ही काय करावं विचारतात. तो नोकरी सोडा म्हणत नाही. कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, म्हणतो. मग प्रेषितांच्या कृत्यांतला कर्नेल्य दाखव, शताधिपती, रोमी फौजेतला. पेत्राला त्याच्या घरी पाठवलं गेलं, ज्याने तलवार उपसली होती त्या पेत्राला. कर्नेल्याने वर्दी उतरवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि मुलगा चौकस आहे, म्हणून पुढचंही लपवू नकोस. साधारण सन २०० च्या सुमाराला तर्तुल्यान म्हणत होता की पेत्राची तलवार खाली ठेवायला लावून येशूने सगळ्याच शिपायांची ठेवायला लावली. दोनशे वर्षांनी ऑगस्टीन म्हणाला, निरपराध्याला वाचवायला नाइलाजाने लढावं लागतं, पण मनात शांतीच धरून. दोघेही आपलेच. एक मत झालेलं नाही, आणि पप्पांना त्यासाठी कुठल्याही रकान्यात उभं करायची गरज नाही.

त्याच्या आईला विचार, मे महिन्यात सुट्टी मिळणार का. मिळाली तर तो कर्नेल्याचा पाठ तू घेऊच नकोस, त्या मुलाच्या वडिलांना घ्यायला सांग. ते नाही म्हणतील, लाजतील, मला कुठलं शास्त्र येतं म्हणतील. आग्रह कर. शांती काय असते हे फौजेतला माणूस काय सांगतो ते पोरांनी एकदा त्याच्याच तोंडून ऐकू दे, आपण दोघींनी कधी बंदूक हातात धरलेली नाही. आणि हो, मुलांना प्रश्न विचारू दे. कसलेही.